शालूच्या अंगावरचे निळे डाग

भाईंदरजवळच्या मुर्धा गावात शेवंतीबायला फसवणं कुणाला जमत नाही, असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर तिला खरी गोष्ट पटवणंही कुणाला जमत नसे. बोंबील ताजे आहेत म्हटलं की ती उलटे करून वास घेणार, देवळातला प्रसाद हातावर पडला तरी आधी बघणार, मग तोंडात टाकणार. कुणी गोड बोलायला लागलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

तिला असं बनवलं ते तिच्या नवऱ्याच्या मरणानं. राघो वसईच्या खाडीत रेतीच्या होडीवर होता. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. होडी उलटली आणि तो सापडला नाही. पण शेवंतीला कुणी ते सांगितलं नाही. "वसईला थांबलाय, भरती बघून येईल," असं शेजारपाजारचे सांगत राहिले. चांगल्या मनानंच सांगत होते. देह मिळाल्यावर सांगू, असं गावातल्या पुरुषांनी ठरवलं होतं. खरं कळेपर्यंत शेवंती त्याच्यासाठी भात झाकून ठेवत राहिली. पुढे कितीतरी वर्षं ती म्हणायची, "रडायची तेवढी रडले मी. पन सगल्या गावाला ठावं होता तवा मी एकटीच भात कुनासाठी झाकत व्हते?"

पदरात दहा वर्षांची शालू होती. शेवंती मिठागरावर जाऊ लागली. डोक्यावर मिठाची पाटी, पायांना चिरा, त्या चिरांत मीठ. तिनं मुलीला वाढवलं ते डोळ्यांत तेल घालून. शालू मोठी झाली, नाजूकच राहिली. न्हाण आल्यापासून तिचं रक्त आठ-आठ दिवस जायचं, उन्हाळ्यात नाकातून यायचं. शेवंती तिच्या टाळूवर कांदा ठेचून थापायची, आणि हे घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही असं बजावायची. लग्नाच्या पोरीचं असलं काही बाहेर गेलं की स्थळं येत नाहीत.

स्थळ आलं ते काशीगावचं. मुलगा नाथा, दगडखाणीवरच्या ट्रकचा ड्रायव्हर. आडदांड अंगाचा, हात खरबरीत. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा साधा आवाजही भांडल्यासारखा झाला होता. दारू पीत नव्हता. शेवंतीला त्याचंही बरं वाटलं नाही. दारू पीत नाही म्हणजे दुसरं काहीतरी करत असणार. पण शालूला तो आवडला होता. एकोणसत्तर साली लग्न झालं.

दोन वर्षांनी शालूला दिवस गेले. पाचव्या महिन्यात शेवंती काशीगावला लेकीला बघायला गेली. शालू चुलीपाशी मासे साफ करत होती. पोलक्याची बाही वर सरकली होती, आणि दंडावर निळा-जांभळा डाग होता. लांबट, बोटं रुतल्यासारखा.

"ह्यो काय गो?"

शालूनं बाही खाली ओढली. "दाराची कडी लागली, आये."

पुढच्या खेपेला पोटरीवर एक होता, कमरेजवळ एक. खाटेचा कोपरा लागला, शालू म्हणाली. मग उंबरठा. मग पाट्याची कड. त्या दोन खणांच्या घरात कोपरे फारच झाले होते. शेवंतीनं विहिणीला विचारलं, ती उखडली. "आमच्यात बायकांवर हात टाकत न्हाय कोनी. तुमचीच पोर आदळत आपटत चालते." हे ऐकून शेवंतीची खात्रीच झाली. निर्दोष माणूस इतक्या लवकर का चिडेल?

तिनं नाथाच्या हातांकडे बघायला सुरुवात केली. ते हात स्टिअरिंगवर घट्ट बसलेले, ताटातली भाकरी मोडतानाही जोरात मोडणारे. तो शालूशी हळू बोलला की तिला वाटे, आपण आहोत म्हणून बोलतोय. मोठ्यानं बोलला की वाटे, आता खरा रंग दिसला. एक दिवस काशीगावच्या विहिरीवर, बायका पाणी भरत असताना, तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझी पोर पोटुशी हाय आनि ह्यो नाथा तिला मारतो. अंग निलाकार झालाय तिचा. उद्या काय झाला तर तुमी सगल्या साक्षीला हाव."

बोलणं खाणीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. नाथाच्या आवाजामुळे लोकांना ते पटलंही. खाणीवरचे मजूर, त्यातल्या काहींच्या बायकांना रोज मार पडत होता, तेसुद्धा त्याला बघून थुंकायला लागले. नाथानं घरी येऊन शालूला विचारलं, "तू सांगितलास तिला असा?" शालू नाही म्हणाली.  आता त्यालाही तिच्या बोलण्याचा संशय आला होता.

सातव्या महिन्यात ओटी भरून शेवंती लेकीला माहेरी घेऊन आली. निघण्याआधी कासाराला बोलावून हिरवा चुडा भरला. दुसऱ्या दिवशी मुर्ध्यात उठल्यावर शालूचे दोन्ही पंजे निळे पडले होते. शेवंतीनं त्या कासाराच्या आडदांडपणाला शिव्या घातल्या आणि विषय संपवला. पोर आता आपल्या घरात होती. आता डाग पडणार नाहीत, असं तिला वाटलं.

पण ते पडतच राहिले.

जुने पिवळे होऊन जात होते आणि नवे उमटत होते. खांद्यावर, मांडीवर, जिथं शालू स्वतः बघू शकत नव्हती तिथंही. शेवंतीला वाटलं, आपण मिठागरावर गेलो की नाथा येतो. तिनं शेजारणीला विचारलं. शेजारीण कोणी आलं नाही म्हणाली. म्हणजे शेजारीणही त्याला सामील. शेवंतीनं कामावर जाणं सोडलं आणि दारातच बसून राहू लागली. तरी एका सकाळी शालूच्या पाठीवर तळव्याएवढा नवा डाग. शेवंतीनं लिंबू-मिरची बांधली, उंबरठ्याखालची माती उकरून बघितली, कुणी काही पुरलंय का म्हणून. सापडलं काहीच नाही.

त्याच दिवसांत शालूची कंबर फार दुखायची. वाण्याकडे डोकेदुखीच्या पांढऱ्या गोळ्या मिळत. शेवंती स्वतः मिठाच्या पाट्या वाहून मान धरली की त्याच घ्यायची. तीच गोळी ती लेकीला सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर द्यायला लागली. शालूला बरं वाटायचं.

नाथा रविवारी यायचा. शेवंती त्याला ओट्यावरच बसवायची आणि स्वतः दोघांच्या मध्ये. एका रविवारी शालू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या पुढे करताना तिचा हात उन्हात आला. मनगटापासून कोपरापर्यंत डाग.

नाथा उठून उभा राहिला. "मामी, ह्ये काय?"

"तुलाच ठावं."

"मना? पंधरा दिवस मी तिच्या अंगाला बोट न्हाय लावला. तुमीच मधी बसताव. माझ्या घरी होती तवा एवढं डाग नव्हतं." त्याचा आवाज चढला. "तुमीच मारताव तिला. माझ्या नावानं बोल म्हनून मारताव. बोला!"

शेवंतीला राग येण्याआधी धक्का बसला. असं कुणी आपल्याविषयी समजू शकेल, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. ती काही बोलणार, तोच शालूनं तांब्या खाली आपटला.

"मना कोनी न्हाय मारला! ह्यानं न्हाय, तू न्हाय. किती वेला सांगू? आपसूक येतान डाग. दोघं एकमेकांकडं बघताव, माझ्याकडं कोनीच बघत न्हाय!"

ती आत गेली. दोघं ओट्यावर उभी राहिली, आणि दोघांनाही मनातून वाटलं की ती समोरच्याच्या भीतीनं असं बोलतेय.

त्यानंतर शालूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मशेरी लावली की तोंड लाल. शेवंतीनं आनंदी सुईणीला बोलावलं. गावातली निम्मी पोरं आनंदीच्या हातून जन्माला आली होती. तिनं पोट चाचपलं, मूल बरं आहे म्हणाली, मग शालूच्या पावलांकडे तिची नजर गेली. घोट्याभोवती बारीक लाल ठिपके होते, सुईनं टोचल्यासारखे. मच्छर चावला की पुरळ उठतं, तसे नव्हते; बोट दाबलं तरी पुसट होत नव्हते.

"शेवंते, हिचा बालंतपन मी करनार न्हाय," आनंदी म्हणाली. "असं ठिपकं मी एकदाच बघितलंय. राई गावची व्हती ती बाय. रगत थांबलाच न्हाय तिचा. दवाखान्यात ने हिला."

आनंदीनं आजवर कुठल्या बाळंतपणाला नाही म्हटलं नव्हतं. शेवंतीनं तिला वाटेला लावलं आणि विचार करत बसली. आनंदीला नाथानं पढवलं असेल का? दवाखान्यात नेऊन पोरीला काही टोचायचा त्याचा बेत असेल? दोन दिवस ती अशीच घुटमळली. तिसऱ्या दिवशी दुपारी शालूच्या नाकातून रक्त सुरू झालं. कांदा लावला, डोक्यावर गार पाणी ओतलं, नाक दाबून धरलं. रक्त घशातून यायला लागलं. शेवंतीच्या हातातला पदर भिजून जड झाला, तेव्हा तिचे सगळे संशय गळून पडले आणि ती रस्त्यावर येऊन ओरडली.

निरोप काशीगावला कुणी पाठवला, ते कळलं नाही; आनंदीनंच पाठवला असावा. नाथा ट्रक घेऊन आला. त्यानं शालूला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. शेवंतीही चढली. 

भाईंदर स्टेशनजवळ एक गुजराती डॉक्टर बसायचे. त्यांनी नाकात कापूस ठासून रक्त कसंबसं थांबवलं. मग शालूचे हात बघितले, पाठ बघितली, चष्म्यावरून नाथाकडे पाहिलं.

"कोण मारते हिला? सच बोला."

शेवंतीनं मान ताठ केली. शेवटी एक शिकलेला माणूसही तेच म्हणाला होता. नाथा भिंतीला टेकून उभा होता; त्यानं मान खाली घातली. 

डॉक्टरांनी रक्तदाब बघायला शालूच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरली. त्याच वेळी बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारली, म्हणून पट्टा थोडा जास्त वेळ तसाच राहिला. तो सोडला तेव्हा कोपराच्या खाली, सगळ्यांच्या देखत, लाल ठिपके उमटायला लागले. एक, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके. तिथं कुणी बोटही लावलं नव्हतं. डॉक्टर वाकून बघत राहिले. शेवंतीही बघत होती. पट्ट्याच्या जागी निळी रेघ उठली, अगदी तशीच, जशी ती इतके महिने बघत आली होती.

"मारलं नाही कोणी," डॉक्टर हळूच म्हणाले. "हे खूनमधलं, रक्तामधलं काम आहे. बीपी तर ठीक आहे. माझ्या हातातली गोष्ट नाही ही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या, आत्ताच. आणि गाडी सांभाळून, धक्का नको."

नाथानं ट्रक इतका सावकाश चालवला की मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. प्रत्येक खड्ड्याआधी तो जवळजवळ थांबायचा. शेवंती मध्ये बसली होती, लेकीचं डोकं मांडीवर. ती वाटभर नाथाचे हात बघत होती. आता त्या हातांचं काय करावं, हे तिला कळत नव्हतं.

हॉस्पिटलात शालूच्या बोटातून रक्त काढून काचेवर घेतलं. संध्याकाळी एक डॉक्टरीण वॉर्डात आली, तरुण, थकलेली. तिनं सांगितलं, रक्तात बारीक कण असतात, त्यांना प्लेटलेट म्हणतात. कुठे फुटलं-कापलं की तेच जाऊन भोक बुजवतात. रक्ताच्या बारीकशा थेंबात ते दीड-दोन लाखांच्या वर लागतात. शालूचे वीस हजारही नव्हते. म्हणून साधा हात दाबला तरी आतल्या आत रक्त पसरत होतं.

"गरोदरपणात बऱ्याच बायकांचे थोडेफार कमी होतात, त्यानं काही बिघडत नाही," ती म्हणाली. "पण इतके कमी होत नाहीत. मला कारण शोधायचंय. हिला ताप येऊन गेला? हिवताप, कोयनेलच्या गोळ्या?"

"न्हाय," शेवंती म्हणाली. हे खरं होतं.

"घरात कुणाला असा रक्ताचा त्रास?"

"न्हाय."

"हिला स्वतःला, लग्नाआधी? अंगावर डाग पडणं, पाळीत जास्त रक्त जाणं, नाकातून येणं?"

शेवंतीनं नाथाकडे पाहिलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. डॉक्टरीण हे का विचारतेय, ते तिच्या लगेच लक्षात आलं असं तिला वाटलं. दोष पोरीचा आहे असं ठरवायचं, म्हणजे हा तिला इथंच टाकून मोकळा.

"न्हाय. काय नव्हता. लग्नाच्या वेली धडधाकट व्हती."

"आत्ता कुठली गोळी वगैरे चालू आहे?"

"कसली गोली? काय न्हाय."

"आये," शालू म्हणाली. नाकात कापूस असल्यामुळे तिचा आवाज घोगरा येत होता. "खोटा नको बोलूस. बाई, मी लहान असल्यापासून हाय ह्ये. न्हान आल्यापासून आठ दिवस रगत जाता. उन्हाल्यात नाकातून येता. आयेला सगला ठावं हाय. आनि कंबरेसाठी वान्याची डोकं दुखायची पांढरी गोली घेते मी, रोज दोन."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. ती रागावली नाही, पण दमल्यासारखी हसली. "ही गोळी आजपासून बंद. तिच्यानं आजार झालेला नाही, पण रक्त न थांबणाऱ्या माणसानं ती घेऊच नये. डाग वाढले ते त्यामुळे. आणि आजार हिला आधीपासूनच असणार. शरीरच स्वतःचे कण मारून टाकतं. का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. यात कुणाचा दोष नाही."

डॉक्टरीण गेली. शेवंती नाथाच्या बोलण्याची वाट बघत राहिली. त्यानं शालूकडे पाहिलं आणि विचारलं, "मना का न्हाय सांगितलास?"

"आये नको म्हनली."

मग तो सासूकडे वळला. "दोन महिने मानसं माझ्यावर थुंकली, मामी. तुमाला ठावं व्हता हिचा अंग कसा हाय. तरी तुमी इहिरीवर जाऊन बोललाव."

"मना ह्ये डागबी त्याचंच हायत ते न्हाय समजला रे," शेवंती म्हणाली. आणि हे खरं होतं. नाकातलं रक्त, पाळीतलं रक्त आणि दंडावरचे डाग एकाच दोरीत ओवायचे असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नाथानं ते मानलं की नाही, कळलं नाही. तो खाली चहा आणायला गेला. दोन कप आणले, एक शालूला, एक स्वतःला.

शालूला कण वाचवायच्या गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत कण वाढायला लागले, पण त्या गोळ्यांनी तिचं तोंड फुगून गोल झालं. शेवंतीचा जीव पुन्हा घाबरा झाला. कसल्या गोळ्या या, पोरीचं रूपच बदलून टाकलं! एक दिवस तिनं शालूला हळूच सांगितलं, आज गोळी जिभेखाली ठेव, सिस्टर गेली की थुंकून टाक. शालूनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि आईला तोंड उघडून दाखवलं.

"गेली. आता माझ्या रगताचा मी बघीन, आये. तुमी दोघंबी बसा गप."

दिवस भरले तेव्हा कण सत्तर हजारांच्या आसपास गेले होते. नाथानं आणि खाणीवरच्या दोघांनी रक्त देऊन ठेवलं. त्या दोघांना नाथानं खरी हकीकत कशी सांगितली असेल, कोण जाणे. बाळंतपण लांबलं, रक्त बरंच गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. मुलगी झाली. तिच्याही छातीवर बारीक लाल ठिपके होते. आईचं जे बिघडलंय ते नाळेतून थोडं मुलाकडेही जातं, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवून रोज टाचेतून रक्त काढत. शेवंती काचेबाहेर उभी राहून प्रत्येक नर्सचे हात बघायची. कुणी जोरात धरत नाही ना, सुई बदलली की तीच आहे. नर्सा तिला वैतागल्या होत्या. आठवड्याभरात ठिपके गेले, मुलीचे कण आपोआप वाढले, आणि मायलेकी काशीगावला गेल्या. माहेरी नाही, शालूनं तसं स्वतःच सांगितलं.

बारशाला शेवंती गेली. पाळणा झाल्यावर बायका विहिरीवर गेल्या, तशी तीही गेली आणि म्हणाली, "मी ह्या जागी बोलले व्हते की नाथा पोरीला मारतो. ते खोटा व्हता. पोरीच्या रगतात आजार हाय, लहानपनापासून. मी लपवला व्हता."

एका म्हातारीनं विचारलं, "मग तवा का बोललीस गो?"

"तवा मना तसाच दिसला."

म्हातारीनं कळशी कमरेवर घेतली. नाथाला हे समजलं असणारच. त्यानं सासूला कधी घराबाहेर काढलं नाही, जेवायला वाढायला सांगितलं, सणाला लुगडं आणलं. पण तिच्याशी तो गरजेपुरतंच बोलायचा, आणि तिच्यासमोर मुलीला मांडीवर घ्यायचा नाही. वर्षं गेली तरी घेतली नाही. शेवंतीनं ते मुकाट्यानं सोसलं. शहात्तर साली शालूला पुन्हा दिवस गेले, तेव्हा ती तिसऱ्या महिन्यातच नाथाबरोबर हॉस्पिटलात जाऊन आली; आईला नंतर कळवलं. मुलगा झाला, फारसा त्रास न होता.

शेवंतीचा स्वभाव काही बदलला नाही. फक्त मुर्ध्यात कुणी पोटुशी असली की ती तिच्या बाह्या वर करून बघायची, हिरड्यांतून रक्त येतं का विचारायची, पाळी किती दिवस जायची तेही. नव्या सुना लाजायच्या, सासवा चिडायच्या. पण आनंदी सुईण तिला बोलावून न्यायची.

सत्त्याहत्तरच्या पावसानंतर मिठागरावरच्या चंपाच्या मानेवर तिला निळा डाग दिसला. चंपाला पाचवा महिना होता. शेवंतीनं तिला भाईंदरला नेलं, रक्त तपासून घेतलं. कण भरपूर होते. टांग्यातून परत येताना शेवंतीनं विचारलं, "मग कोन मारता तुला?"

चंपानं आधी उंबरठा सांगितला. मग तिला रडू फुटलं.

शेवंतीनं टांगेवाल्याला सांगितलं, चंपाच्या घरी नको, माझ्याकडं ने. चंपाचा नवरा चार दिवसांनी न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. त्यातला एकही शब्द तिला पटला नाही. चंपा तिच्याकडेच बाळंत झाली.